खाडीवरचा पतंग

पेणकरपाड्यात राहणाऱ्या नाथाला साठीत पतंगाचा नाद लागला, तेव्हा सोसायटीतल्या लोकांनी काय कमी दात काढले! "काका, रिटायर होऊन पोरगे झालात की!" पतंगाला मोबाइल टांगून वरून फोटो काढतोय म्हटल्यावर तर विचारूच नका. लोकांना करमणूक हवी असते. कुणाच्या घरात काय जळतंय ते बघायला सवड कुणाला?

म्हातारा आपला पोरगा शोधत होता.

ऑगस्टातल्या एका रविवारी त्याचा एकुलता एक मुलगा साईराज मित्राबरोबर छोट्या होडीतून खाडीत चिंबोऱ्या पकडायला गेला. वारा सुटला, होडी उलटली. मित्र पोहून आला, साईराज आला नाही. चार दिवस शोधाशोध झाली आणि सगळे आपापल्या कामाला लागले. त्याची आई सुलू मात्र एकच धरून बसली. ती चौक नावाच्या कोळीवाड्यातली, समुद्राकाठी वाढलेली; पोराला पोहायला तिनेच शिकवलेलं. "त्यानं रेनकोट काढला असंल तर तो बुडायचा न्हाय," ती म्हणायची. "कुठंतरी काठाला लागला हाय. डोक्याला मार लागून पडला असंल एखाद्या हॉस्पिटलात." नारिंगी रेनकोट होता तो, कॉलरच्या आत तिने निळ्या दोऱ्याने ‘सा’ काढलेला. तो मिळाला की काय ते कळेल. तेवढ्यावर ते घर चाललं होतं.

पण खाडीकाठच्या तिवरांच्या दाट झाडीत माणूस दहा पावलं आत शिरू शकत नाही. वरून बघायचं तर ड्रोन कुठून आणायचा? नाथाकडे एकच विद्या होती. तरुणपणी गल्लीत त्याचा पतंग काटणारा कुणी जन्माला आला नव्हता.

पहिल्यांदा त्याने साईराजचा जुना मोबाइल सरळ पतंगालाच बांधला. फोटो आले ते सगळे गरगरलेले, चिखल वर आणि आभाळ खाली. लढवायचा पतंग चपळ लागतो आणि हा लागतो शांत, हे त्याच्या हाताला पटायलाच महिना गेला. मग त्याने छत्र्यांच्या कापडाचा पुरुषभर उंच पतंग केला, त्याला लांब शेपूट लावलं आणि मांजा सोडून साधी जाड नायलॉनची दोरी घेतली. पतंग थोडा वर जाऊन ठरला की दोरीला चार दोऱ्यांवर मोबाइल टांगायचा, आणि मग सगळं मिळून वर सोडायचं. मोबाइल दर पाच सेकंदांनी आपोआप फोटो काढायचा. संध्याकाळी सुलू एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघायची. तीनशे, चारशे फोटो. शेवटी म्हणायची, "न्हाय." मग दोघं जेवायला बसायची.

जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या रविवारी, नाथा बांधावर उभा होता. मागच्या एका गच्चीवरून एक लाल पतंग सरसरत त्याच्या दोरीवर आला. शहाण्याने गुपचूप दोरी ओढून घेतली असती. पण पेच पडला की हात कुणाचं ऐकतो? नाथाने भडाभडा ढील दिली. पतंग मोबाइलसकट वाऱ्याबरोबर पोटखाडीच्या पार गेला, जिथे तो आजवर कधीच पोचला नव्हता. दोरी जाड म्हणून वाचली. स्वतःला शिव्या घालतच त्याने पतंग उतरवला आणि बांधावरच फोटो बघायला बसला. पलीकडच्या तिवरांचे चौदा फोटो आले होते. एकात नखाएवढं नारिंगी काहीतरी होतं.

"आज वारा नव्हता," घरी येऊन त्याने सांगितलं. आयुष्यात बायकोशी फार खोटं बोललेला माणूस नाही तो.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो एकटाच गेला. फांद्या धरत, कमरेएवढ्या चिखलातून. रेनकोट मुळांत अडकला होता. आत कोणी नव्हतं. पण पाचही बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती. काढून फेकलेल्या रेनकोटाची बटणं कुणी लावत बसत नाही. तिथे ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून नाथा मोठ्याने रडला. मग गंजलेली बटणं त्याने दातांनी एकेक करून सोडवली.

"सुले, मिळाला. काढून टाकला होता गं त्याने."

सुलूने रेनकोट मांडीवर घेतला. कॉलर उलटून ‘सा’वरून अंगठा फिरवला. मग तिचा हात बटणांच्या पट्टीवर आला. सगळा रेनकोट चिखलाने काळा पडला होता, पण वरच्या पट्टीखाली दोन बोटं रुंद कापड दुकानातून आणल्यासारखं कोरं नारिंगी होतं. तिथे चिखल पोचलाच नव्हता. नाथा फरशीकडे बघत होता.

तिने खालपासून एकेक बटण लावलं. पाचही. चिखलाच्या रेषा एकमेकींना अचूक जुळल्या.

"अवो," ती म्हणाली, "तो पतंग माळ्यावर टाका आता. आनि तुमच्या भावाला बोलवून घ्या. पोराचं करायचं ऱ्हायलंय."