डाळिंबी धाग्याची सुई

नूराता गावात सानोबरचा हात सगळ्यांना माहीत होता, आणि तिचा पसाराही. लग्नात मुलीबरोबर द्यायची भरतकामाची मोठी चादर, सुझनी, कुणाच्या घरी करायला घेतली की बायका फुलांच्या रेघा काढून घ्यायला तिच्याकडे यायच्या. पण आल्या की बसण्याआधी खाली हात फिरवून बघायच्या. सानोबर सुई कुठेही खोचायची. अंगातल्या झग्याला छातीपाशी, पडद्याच्या कडेला, गादीच्या कोपऱ्यात, एकदा तर नान गुंडाळून ठेवायच्या फडक्यातसुद्धा. तोटी फुटलेल्या चहाच्या किटलीत तिचे पिवळे धागे असायचे, नवऱ्याच्या जुन्या बुटात हिरवे. लाल मात्र घरभर. आईनं तिला हे काम मेंढ्यांमागे हिंडता हिंडता, उभ्या उभ्या शिकवलं होतं. एका जागी बसून, सामान मांडून काम करायची सवय तिला कधी लागलीच नाही.

नवरा, हमदम, थंडी सरली की मेंढ्या घेऊन माळावर जायचा तो आठवडेच्या आठवडे घरी दिसायचा नाही. मुलगा नुसरत सरकारी ट्रकवर होता. धाकटी लोला समरकंदला शिकत होती आणि कापसाची वेचणी आटोपली की तिचं लग्न व्हायचं होतं. म्हणजे घरात सानोबर, सून मुकद्दस आणि नुकतीच रांगायला लागलेली नात निगोरा, एवढीच माणसं.

मुकद्दस शहरातून आलेली, टापटिपीची. सासूला कधी उलटून बोलायची नाही, पण गप्पही बसायची नाही.

"ओयी," ती सासूला म्हणायची, "तुमच्या सुया एक दिवस कुणाच्या तरी पायात जाणार."

"इतकी वर्षं नाही गेली ती. माझ्या सुयांना माझं घर ठाऊक आहे."

"आपली निगोरा पायांनी चालते का? गुडघ्यांनी चालते. आणि दिसेल ते तोंडात घालते."

"तुझा नवरा पण घालायचा," सानोबर हसून म्हणायची. "झाला की नाही घोड्याएवढा?"

पण बोलणं मनाला लागलं होतं. लोलाची सुझनी अर्धीच झाली होती. मधला मोठा तारा भरून झाला होता, कोपऱ्यातले फुलांचे झुपके नुसते रेघांतच होते, आणि हवा तो धागा हवा तेव्हा सापडत नव्हता. म्हणून एका सकाळी मुकद्दस झऱ्यावर कपडे धुवायला गेली तशी सानोबरनं मनावर घेतलं. घरातले सगळे डबे, बोचकी, बूट, किटल्या तिनं खोलीच्या मधोमध नमद्यावर ओतल्या आणि रंग वेगळे करायला बसली. नमदा तिच्या लग्नातला, दाबलेल्या लोकरीचा जाड गालिचा. शेजारी निगोरा बसली होती, आपल्याशीच काहीतरी बडबडत. सानोबरला मजा वाटायला लागली. आपल्याकडे एवढे निळे धागे आहेत हे तिलाच ठाऊक नव्हतं.

मग तिला लांब सुईची आठवण झाली. बहिणीनं बुखाऱ्याहून आणलेली, केसासारखी बारीक, नेढ्याला सोनेरी पाणी दिलेली. रेशमी टाके घालायला तिच्याइतकी चांगली सुई घरात दुसरी नव्हती. काल दिवस मावळताना तिच्यात डाळिंबी रंगाचं रेशीम ओवून ती कुठेतरी खोचली होती. कुठे? गादीत नव्हती. पडद्यात नव्हती. झग्यावर हात फिरवला, तिथेही नव्हती.

तिनं वळून नातीकडे पाहिलं. निगोराच्या मुठीत डाळिंबी धागा होता. एक टोक मुठीत, दुसरं ओठांवर.

सानोबरनं धागा हळूच ओढून घेतला. तो ओला होता. त्याला सुई नव्हती.

आधी काही वाटलंच नाही. मग एकदम लक्षात आलं. तिनं पोरीला उचललं, तोंड उघडलं, बोट घालून हिरड्या, जीभ, गालाच्या आतली बाजू चाचपली. निगोरा किंचाळली. लाळ गुलाबीसर होती. धाग्याचा रंग उतरला होता की रक्त होतं, काही कळेना. एक दात नुकताच वर येत होता, त्याचंही असेल. पोर रडत होती ती बोटामुळे की आतल्या कशामुळे, तेही कळेना.

तेवढ्यात दारात बादली वाजली. मुकद्दस आत आली आणि तो मांडलेला पसारा बघून दारातच थांबली.

"आज काय, ईद आहे?"

"आवरतेय," सानोबर म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखा कसा काय आला याचं तिलाच नवल वाटलं.

"मग पोर का रडते?"

"दात येतोय."

मुकद्दस पोरीला घेऊन पाजायला बसली. निगोरानं तोंड लावलं, सोडलं, मान फिरवली, पुन्हा रडली. सानोबर गुडघ्यांवर बसून तळव्यांनी नमदा चाचपत होती. बघणाराला वाटावं, धुरळा झटकतेय. नमद्याच्या लोकरीत तळवा घसरत होता आणि टोचत काहीच नव्हतं. एकदा तरी टोचावं, रक्त निघावं, असं तिला झालं. सांगावं तर सून काय म्हणेल? आणि न सांगावं तर? सुई आतल्या आत चालते असं तिनं ऐकलं होतं. घशातून पोटात, पोटातून कुठेही.

"पीत नाहीये," मुकद्दस म्हणाली. "अंग तर गरम नाही. असं काय करते ही?"

"पाजू नकोस," सानोबरच्या तोंडून निघून गेलं.

"का?"

सानोबरनं धागा पुढे केला. तिला नीट वाक्य जुळवता येईना. "लांब सुई. ह्यात होती. काल. आता नाहीये."

मुकद्दस ओरडेल, शिव्या देईल, निदान रडेल असं तिला वाटलं होतं. मुकद्दसनं यातलं काहीच केलं नाही. धागा हातात घेऊन तिनं तो दोन्ही टोकांनी पाहिला, मग पोरीला उभं धरून छातीशी लावलं, इतक्या अलगद की जणू ती काचेची आहे. त्या अलगदपणानंच सानोबरची भीती दुप्पट झाली.

"आधी घरात बघू," मुकद्दस शेवटी म्हणाली. "घरात सापडली तर पोरीच्या पोटात नाही. तुर्सुनअली-अकाला बोलवा. त्यांच्याकडे रेडिओतलं चुंबक आहे."

तुर्सुनअली शेजारचा, रेडिओ दुरुस्त करणारा, सदा थट्टा करणारा म्हातारा. आल्या आल्या त्यानं सुरुवात केली, "सानोबर-आपा, तुमच्या घरात यायचं तर मी चिलखत घालून येतो." मग दोघींचे चेहरे पाहिले आणि पुढचं गिळलं. बशीएवढं जड चुंबक दोरीला बांधून तो नमद्यावर फिरवायला लागला. शेत नांगरतात तसा, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

पहिल्याच ओळीत टक् असा आवाज झाला. सानोबर पुढे झेपावली. चुंबकाला एक आखूड, जाड सुई चिकटली होती, गंजून काळी पडलेली.

"ही नव्हे."

पुन्हा टक्. टाचणी. पुन्हा टक्. मोडकी सुई, अर्धीच. मग पुन्हा एक. नमद्याच्या लोकरीत खोल बसलेल्या, वरून हाताला कधी न लागलेल्या, चुंबकाच्या ओढीनं वर येत होत्या. तुर्सुनअली त्या काढून बशीत टाकत होता. बशीत आवाज झाला की सानोबर वाकून बघायची. यातल्या काही तिला ओळखू येत होत्या. ही सासूनं दिलेली. ही नुसरतच्या वेळी पोटुशी असताना हरवलेली, तेव्हा ती हसली होती, जाऊ दे, उंदरानं नेली असेल.

या नमद्यावर नुसरत रांगला होता. लोला रांगली होती. आणि दोघांच्या मधली सबोहत.

सबोहत वर्षाची व्हायच्या आत गेली होती. दोन दिवस रडत होती, अंग तापलं होतं आणि मग रडायची थांबली. छातीत सर्दी भरली असं सगळ्यांनी म्हटलं आणि सानोबरनं ते मानलं. आता तिनं बशीकडे पाहिलं. यातल्याच एखाद्या सुईनं तर नाही? भिंतीला धरून ती खाली बसली.

"ओयी?" मुकद्दस म्हणाली.

"काही नाही. लांब सुई आली का?"

नव्हती आली. नमदा पालथा केला, गाद्या उसवल्या, पसरलेल्या धाग्यांच्या ढिगावरून चुंबक फिरवलं, अंगणापर्यंत नेलं. बशी भरत गेली. सोनेरी नेढ्याची सुई त्यात नव्हती.

तुर्सुनअलीनं चुंबक खाली ठेवलं. "दवाखान्यात नेऊ," तो म्हणाला. "फोटो काढतात आतला. चला."

त्याची मोटरसायकल बाजूला बसायचा डबा जोडलेली होती. डब्यात मुकद्दस बसली, मांडीवर निगोरा. सानोबर मागे, म्हाताऱ्याच्या कमरेला धरून. तालुक्याचा रस्ता खड्ड्यांचा. एरवी तुर्सुनअली तो असा तुडवायचा की कोंबड्या अंगणात पळायच्या. त्या दिवशी तो इतका सावकाश चालवत होता की गाढवावरचा एक माणूस बराच वेळ बरोबरीनं चालला आणि विचारत राहिला, अंडी नेताय का. प्रत्येक खड्ड्याला सानोबरचे डोळे मिटत होते. या धक्क्यानं ती हलली असेल. या धक्क्यानं रुतली असेल. निगोरा मात्र वाऱ्यानं गप्प झाली होती आणि आईच्या रुमालाचं टोक चघळत होती. त्या गप्प होण्याचीही सानोबरला भीती वाटली. सबोहतही अशीच गप्प झाली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, थकलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पोरीला आत नेलं. मुकद्दसला बरोबर घेतलं, सानोबरला बाहेर थांबायला सांगितलं. बाकावर बसून ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. बोटांच्या टोकांना सुयांनी घट्टे पडले होते. याच हातांनी केलेल्या सुझन्यांवर कितीतरी पोरी नवऱ्याघरी गेल्या होत्या. आता ते हात तिला परक्याचे वाटत होते. दार उघडलं की ती अर्धी उठायची, आणि दारातून दुसराच कुणीतरी यायचा.

शेवटी मुकद्दस बाहेर आली. ओढणी पार विस्कटलेली. डॉक्टरीणबाई मागे, हातात काळी फिल्म. त्यांनी ती खिडकीशी धरली. इवल्या बरगड्या होत्या, पाठीचा कणा होता, एक अंगठीएवढं हाड होतं. बाकी काही नव्हतं.

"सुई नाही," त्या म्हणाल्या. "कुठेही नाही. घशात ओरखडा नाही. दात येतोय, म्हणून किरकिर करते. घरी जा आणि पाजा तिला, उपाशी आहे."

मुकद्दस तिथेच बाकावर बसली आणि भिंतीकडे तोंड करून पाजायला लागली. निगोरा पीत होती. सानोबर मात्र तशीच उभी राहिली. डॉक्टरीणबाई निघाल्या तसं तिनं त्यांची बाही धरली.

"बाई, एक विचारू? माझं एक लेकरू गेलं. फार वर्षं झाली. ते सुईनं गेलं असेल का?"

डॉक्टरीणबाई थांबल्या. "श्वास कसा होता त्याचा?"

"भरभर. घरघर वाजायची. नाकपुड्या अशा फुगायच्या."

"ओठ?"

"निळे झाले होते."

"मग ती छाती होती. सुई नव्हे."

"नक्की?"

"इतक्या वर्षांनी नक्की कुणीच सांगणार नाही, आजी. पण तुम्ही सांगता ते फुप्फुसाचं आहे. मी रोज बघते." त्यांनी बाही सोडवून घेतली नाही. सानोबरनंच थोड्या वेळानं सोडली.

घर आलं तरी आत जायला दोघीही कचरत होत्या, कारण सुई पोरीच्या पोटात नव्हती म्हणजे ती घरात होती. त्या दिवसापासून कितीतरी दिवस त्या घरात माणसं बूट घालून वावरली. नूरातात असं कुणी करत नाही. हमदम माळावरून आला आणि बघतच राहिला. "माझं घर आहे की गुरांचा बाजार?" त्यानं विचारलं, आणि सगळं ऐकल्यावर गुपचूप स्वतःचेही बूट पुन्हा घातले. निगोरा दिवसभर शेजारी, तुर्सुनअलीच्या बायकोकडे असायची. मुकद्दसनं तसं ठरवून टाकलं होतं, सासूला विचारलं नव्हतं, आणि सानोबरनंही विचारलं जाण्याची अपेक्षा केली नव्हती.

नमदा तिनं हमदमकडून मागच्या अंगणात जाळून घेतला. धागे कसेबसे गोळा केले, रंगारंगाप्रमाणे कापडी पिशव्यांत भरले आणि पिशव्या आढ्याला टांगल्या. सुयांसाठी नवऱ्याची तंबाखूची भोपळी, वाळवलेल्या भोपळ्याची छोटी डबी, मागून घेतली, घट्ट बुचाची. प्रत्येक सुईच्या नेढ्यात लाल धाग्याचं शेपूट कायमचं बांधलं, म्हणजे पडली तरी दिसावी. हे सगळं झालं, आणि मग तिला शिवताच येईना. भोपळीचं बूच काढायची आणि पुन्हा लावून टाकायची. सुझनी गुंडाळून पडून राहिली. जर्दाळू पिकले, वाळायला घातले, लोलाची पत्रं आली, तरी कोपऱ्यातले झुपके रेघांतच.

एके दुपारी मुकद्दसनंच अंगणातल्या लाकडी तख्तावर पांढरी चादर पसरली आणि सुझनी आणून वर टाकली.

"बसा, ओयी."

"माझ्यानं नाही होत, केलिन," सानोबर सुनेला म्हणाली.

"मी समोर बसते. सुई तुमच्या हातातून सुटली तर मी बघेन. उठताना दोघी मिळून बघू."

सानोबर बसली. पहिले टाके वाकडे पडले. मुकद्दस खरोखरच समोर बसून राहिली. नजर कापडावर नव्हती, सुईवर होती, मांजरानं उंदरावर ठेवावी तशी. हसू येण्यासारखं होतं, पण दोघींपैकी कुणी हसलं नाही. रोज दुपारी त्या असंच बसत गेल्या. भीती गेली नाही, पण ती बरोबर घेऊन टाके पडायला लागले. पहिला झुपका भरला, मग दुसरा. हळूहळू मुकद्दस पानं भरायला शिकली. तिची पानं जरा जास्तच एकसारखी यायची. लांब सुई शेवटपर्यंत कुणाला सापडली नाही.

लोलाच्या लग्नाच्या दिवशी नवरीच्या डोक्यावर सुझनी धरायला बायका अंगणात जमल्या. सानोबर ती त्यांच्या हातात देईना. तख्तावर पसरून ती तळव्यानं फुलांवरून, ताऱ्यावरून, कडेवरून हात फिरवत होती, पुन्हा पुन्हा, कुठे सुई राहिली नाही ना म्हणून. बायका थट्टा करायला लागल्या की आई एवढ्यात पोरीला सोडत नाही. बाहेर वाजंत्री सुरू झाली होती, नवरामुलगा दारात आला होता.

मुकद्दस निगोराला कडेवर घेऊन गर्दीतून पुढे आली. तिनं पोरीला सानोबरच्या हातात दिलं. त्या सकाळनंतर पहिल्यांदाच. मग सुझनीचं टोक उचलून उलटी बाजू वर केली.

"तुम्ही हिला धरा," ती म्हणाली. "या बाजूचं मी बघते."