तेजाबाची पोथी

आमच्या सरोजिनीबाईंसारखी कटकटी बाई अख्ख्या संभाजीनगरात शोधून सापडायची नाय. मी त्यांचा डायवर. सकाळी गारखेड्यातनं उचलायचं आणि कस्टमच्या कंटेनर डेपोत नेऊन सोडायचं. तेवढ्या रस्त्यात माझा हॉर्न, माझा शर्ट, बायकोशी मी फोनवर कसा खेकसतो, सगळ्याचा पंचनामा होतो. "विश्वजीत, तुझ्या तोंडाला कुणी चाळण लावली पाहिजे," म्हणतात. मी म्हणतो, आधी तुमच्या तोंडाला, मग माझ्या. मनातल्या मनात.

बाई पाटोदेकर. आजोबा देवळात पुराण सांगायचे, वडील तहसिलीत कारकून, आणि बाई स्वतः एका ॲल्युमिनियमच्या कारखान्याचा परदेशी माल कस्टममधनं सोडवतात. माल म्हणजे तेजाब. धातूला चकाकी आणायचं ॲसिड, निळ्या ड्रमांत भरून येतं. कागद बरोबर पाहिजेत, मालाचा वर्ग बरोबर पाहिजे, आणि दर ड्रमवर धोक्याचं लेबल पाहिजे. थेंब पडून हात जळतोय, असं चित्र असतं त्याच्यावर. एवढं असलं की कस्टमचं भागतं.

बाईंचं भागत नव्हतं. कंटेनरचं सील तोडायच्या आधी त्या सगळ्या हमालांना सावलीत उभं करायच्या आणि मालासोबत आलेली सुरक्षेची माहिती मराठीत वाचून दाखवायच्या. अंगावर उडालं तर काय करायचं, वाफ नाकात गेली तर काय. हमाल म्हणायचे, "चला रं, पोथी लागली!" एखादा टारगट शेवटी आरतीच्या टाळ्या वाजवायचा. बाई चष्म्यावरनं अशा बघायच्या की टाळ्या जागच्या जागी बंद.

पोथी मनापासनं ऐकणारा एकच, सांडूमामा. सिल्लोडकडचा म्हातारा माणूस, मुकुंदवाडीत एका खोलीत राहायचा. बायको मागंच वारली. एकुलती एक लेक तनुजा, बिडकीनला दिलेली. मामा पहिल्या रांगेत हात बांधून उभे, आणि दर वाक्याला "व्हय, बाई."

तर यंदाच्या उन्हाळ्यात काय झालं, ड्रम कंटेनरमधनं उतरवून शेडमध्ये ठेवले होते. तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेब बघतात तर कितीतरी ड्रमांची लेबलं खरवडून काढलेली आणि तिथं रंगानं खुणा. कुणाचा त्रिशूळ, कुणाचा चांद, कुणाची नुसतीच फुली.

बाहेरच्याला हे कळायचं नाय. आमच्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय, त्यामुळं निळा ड्रम म्हणजे घरची लक्ष्मी. एसटीच्या खिडकीतनं सीटवर रुमाल टाकतो ना आपण, तसा हमाल लोक ड्रमवर आधीच हक्क सांगून ठेवायचे. कारखान्यात ड्रम रिकामा झाला की तिथला स्टोअरवाला खूण बघून ज्याचा त्याला देऊन टाकायचा. आणि घरात ते जळक्या हाताचं चित्र कशाला, म्हणून लेबल खरवडायचं. बाईंना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचं काम डेपोच्या गेटपाशी संपायचं. त्या दिवशी खुणा कशाच्या म्हणून विचारलं, तेव्हा कुठं कळलं.

सगळ्यांनी खुणा केल्या होत्या, पण सांडूमामांना आयुष्यात एकच गोष्ट लिहिता यायची. त्यांनी ती लिहिली होती. टपोऱ्या अक्षरात, 'सांडू'.

साहेब म्हणाले, "मालाशी कुणी छेडछाड केली ते लिहून द्या. त्याचा गेटपास रद्द करतो, तुम्ही नवी लेबलं लावा आणि माल घेऊन जा. नाहीतर सगळ्या ड्रमांचे नमुने प्रयोगशाळेत जातील. मग बसा वाट बघत."

कारखान्याचे श्रीरंग सर फोनवर कडाडले, "अहो बाई, नाव तर ड्रमवरच लिहिलंय! देऊन टाका. इथं प्लँट बंद पडेल!"

गेटपास गेला म्हणजे मामांची भाकरी गेली. त्या वयाच्या माणसाला दुसरीकडं कोण उभं करतंय? मामा भिंतीला टेकून उभे होते.

बाई म्हणाल्या, "नमुने काढा, साहेब. लेबल नाही, तर आत काय आहे हे मी छातीठोकपणे सांगणार नाही."

हमालांना वाटलं, बाईंनी म्हाताऱ्याला वाचवलं. मलाही तेच वाटलं. मामा तर पायाच पडायला वाकले. बाई मागं सरकल्या.

"उठा मामा. आधी मला सांगा, ह्याच्या आधी नेलेला ड्रम कुठं आहे?"

"लेकीकडं, बिडकीनला."

"पाणी भरते त्यात?"

"व्हय. मी दोनदा खळबळून दिला की, बाई."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "विश्वजीत, गाडी काढ," म्हणाल्या. मामांना मागं बसवलं. पार बिडकीन येईपर्यंत मी हॉर्न बडवत गेलो, तरी बाईंनी एकदाही टोकलं नाही, आणि खरं सांगतो, मला त्याचीच धास्ती वाटली.

तनुजा पोटुशी होती. अंगणात ड्रम काठोकाठ भरलेला, सकाळीच टँकर येऊन गेलेला. बाईंनी राम राम नाय, शाम शाम नाय, सरळ ड्रमला दोन्ही हात लावले. हलेना. "लोट रे," मला म्हणाल्या. मी लोटला. सगळं पाणी अंगणभर.

"अवो बाई, डोकं फिरलंय का तुमचं?" तनुजा कडाडली. "आता टँकर कवा यायचा? आबा, ही कोण बया आणली तुमी?"

"प्यायलीस का ह्यातलं?" बाईंनी विचारलं.

"प्यायचं हंड्यात आसतंय. हे धुण्याभांड्याचं."

"हात दाखव."

तिनं उजवा हात पदराआड नेला. बाईंनी तो धरून पुढं ओढला. तळवा गुलाबी, चकचकीत, कातडं ताणलेलं. बोटं अर्धवट वाकलेली, ती धड सरळ होईनात की मिटेनात.

मामा म्हणाले, "हे तर चुलीवर भाजलं म्हणली व्हतीस तू."

तनुजा रडायलाच लागली. "आतनं घासायला गेले, आबा. तळाला राहिलं व्हतं कायतरी. तुमी इतक्या हौसेनं आणला, त्या उन्हात एसटीच्या टपावर टाकून. कोणत्या तोंडानं सांगू?"

मला बाईंचा राग आला, मामांचा आला, आणि आमच्या नळाचा तर लईच आला. मामा ओल्या अंगणात मटकन खाली बसले. त्यांच्याशेजारी बाईही बसल्या, पांढऱ्याशुभ्र साडीची पर्वा न करता.

"मामा, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "भरलेल्या ड्रमाचं मी सगळं वाचलं. रिकाम्याचं शेवटी असतं. ते कारखान्यानं बघायचं, आपलं काय त्यात, असं म्हणून दर वेळी सोडून दिलं." आणि घळाघळा रडल्या. बाईंना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. कुठं बघावं तेच कळेना मला.

पुढं नमुन्यांचा निकाल आला. माल कागदाप्रमाणं, एकदम बरोबर. साहेब भला माणूस. नाव ड्रमवर होतं तरी त्यांनी काणाडोळा केला, म्हणाले, "लावा लेबलं, उचला माल, विषय संपला."

तेवढ्यात हमालांच्या घोळक्यातनं सांडूमामा पुढं आले.

"साहेब, ते नाव माझं हाय. लेबल मीच खरवडलं."

"अहो मामा, संपलं ना आता. जा कामाला."

"तुमच्या कागदावर संपलं आसंल. माझ्या लेकीची मूठ वळंना. ह्या समद्यांच्या घरी आसलेच ड्रम हायत, साहेब. पोथी तर ही रोजच ऐकतेत आन् हासतेत. कुणाचा तरी पास गेल्याबिगर ह्यांच्या डोस्क्यात उजेड पडायचा नाय. माझाच घ्या."

"साहेब, लिहू नका," बाई म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. पण एवढ्या लोकांसमोर कबुली दिल्यावर साहेब तरी काय करणार? पास गेला. दुसऱ्या दिवशी हमाल दुचाकीला बांधून घरचे ड्रम डेपोत परत द्यायला घेऊन आले. सगळे नाय आले, पण आले. त्या दिवशीच्या पोथीला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

तनुजा बाळंतपणाला मुकुंदवाडीला आली. मुलगी झाली. परवा बाई म्हणाल्या, "चल, बघून येऊ," म्हणून गेलो. बघतो तर मामा न्हाणीत पाय लांब करून बसलेले आणि नडग्यांवर ती एवढीशी पोर पालथी. घरात दुसरं बाईमाणूस नाय, आणि आईच्या हातात पोर धरायची ताकद नाय. तेल लावून लावून मामांचेच हात चमकत होते.

"पास आसता तर ह्या वक्ताला मी डेपोत आसतो, बाई," मामा मान वर न करता म्हणाले. "मग हिला कुणी न्हाऊ घातलं आसतं?"

बाई पुढं झाल्या. पदर खोचला, बंबातलं पाणी बादलीत काढलं, कोपर बुडवून कढत नाय ना ते बघितलं, आणि तांब्या घेऊन त्यांच्या समोर बसल्या.