आधी जेवणारी गौराक्का

आमच्या वडगावच्या गल्लीत गौराक्का नवऱ्याच्या आधी जेवायची. राजरोस, दार उघडं टाकून. मेथीची भाजी, जवसाची चटणी, हळद-मिरी घातलेली आमटी असं सगळं आधी स्वतः पोटभर खायची, मग हात धुऊन नवऱ्याला, म्हणजे अण्णांना, भरवायची. बायकांना आयताच विषय मिळाला. माझ्या सासूबाई तर म्हणायच्या, नवरा असा उपाशी बसलेला आणि हिच्या घशाखाली घास उतरतो तरी कसा!

अण्णा एकेकाळचे नामी विणकर. साडीचा काठ बघून बायका त्यांचा हात ओळखायच्या. आता त्यांना हातमागच काय, स्वतःचं नावसुद्धा आठवत नव्हतं. घाबरले की ‘मी कुणाचा?’ एवढंच विचारत राहायचे. मग गौराक्का शेजारी बसून सांगायची, तुम्ही विणलेली पहिली साडी डाळिंबी होती, तुमच्या आईनं ती देवीला नेसवली होती, लग्नात तुम्ही मान वर केली नव्हती. ऐकता ऐकता ते निवायचे. दुसऱ्या कुणाचं त्यांना पटायचं नाही.

कॅम्प भागातल्या डॉक्टरांकडे मी तिच्यासोबत गेले होते. अण्णांचं गेलेलं स्मरण परत येणार नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. गौराक्का खुर्ची पुढे ओढून बसली. मग विचारलं, माझं तरी राहील का? आपणही विसरलो तर यांना कोण सांगणार, ही तिची धास्ती. जवस, अक्रोड, पालेभाज्या, हळद यांचा मेंदूला आधार होत असावा, पण खात्री देता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, आता ही खचणार. कसली खचते! येताना बाजारातून जवस घेऊनच घरी आली. खात्री नाही म्हणालेत ना, असं मी म्हटलं, तर म्हणाली, “नसू दे की गं. न्हाय खाल्लं तर राहील, ह्याची तरी कुठं खात्री हाय? आन् ह्यांस्नी भरवत बसलं की माझं ऱ्हाऊन जातंय, म्हणून मी आधी खातो.” त्यानंतर तिला चिडवायची माझी छाती झाली नाही. गल्लीचं तोंड चालूच राहिलं, आणि तिचं जेवणही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. कार्य उरकलं, अण्णांची बहीण ताटं वाढू लागली, तेव्हा गौराक्काने जवसाची चटणी मागितली. नणंद हळूच म्हणाली, आता कशाला वैनी, आता सांगायचं कुणाला?

गौराक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज मात्र पक्का होता. “आता तर लई जपाय पायजे. ते सोताला इसरून गेले. मी बी इसरलो, तर ते हुतेच न्हाईत.”

नणंदेने चटणी वाढली. मग तिथेच बसली आणि स्वतःच्या ताटातही थोडी घेतली.