न वळलेलं पिल्लू

माझी भाची प्रयोगशाळेत झेब्रा मासे सांभाळते. बशीतली पिल्लं पापणीच्या केसाएवढी होती. तिनं बशीवर बोटानं टकटक केलं, तशी सगळी दचकून वळली. एक मात्र जागचं हललं नाही.

"मावशी, याचं एक जनुक आम्हीच बदललंय, म्हणून याला ऐकू येत नाही. औषधानं नेमकं कुठे काम करायचं, ते आता हेच आम्हाला दाखवणार."

माझी लेक तान्ही असताना आम्ही तिच्या पाठीमागे ताट वाजवायचो. ती वळायची नाही, आणि मग आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही.

भाचीनं ते पिल्लू अलगद वेगळ्या पाण्यात घेतलं, त्यात औषधाचा थेंब सोडला. "उद्या परत वाजवून बघू," ती म्हणाली.

आम्हीही रोज हेच म्हणायचो. पण आमच्या हातात नुसतं ताट होतं.