मावशींचा हात

जावयाचा मान कसा ठेवावा हे आमच्या मावससासूबाईंकडून शिकावं. सांगली-सातारा पट्ट्यात त्यांच्याइतका माझा मान कुणीच ठेवला नाही, हे मी कुठल्याही देवळाच्या पायरीवर उभा राहून सांगेन. फक्त त्यांनी ठेवलेल्या मानात काथ्या भरलेला असे, त्याची लांबी-रुंदी दुहेरी पलंगाएवढी असे आणि तो मला खांद्यावर घेऊन गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावा लागे. लग्नानंतरच्या पहिल्याच अधिक महिन्यात त्यांनी मला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, अंगठी मिळते की घड्याळ याचा मनाशी अंदाज घेत सांगलीत पोचलो. मावशी दारातच उभ्या होत्या. "या जावईबापू," त्या प्रेमानं म्हणाल्या, "पानं मांडलीच आहेत. त्याआधी एवढ्या गाद्या जरा पलीकडं लावू या. भरल्या पोटी ओझं उचलू नये." पुरणाचे धोंडे त्यांनी खरोखर अप्रतिम केले होते. पण ते खायला माझा हात तोंडापर्यंत येईना.

या गाद्या मुलींनी पडण्यासाठी होत्या. मावशी सांगलीत मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवत. माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं, त्यामुळे दोन्ही गावांचा ताठा त्यांच्यात एकत्र नांदत होता. शरीर मात्र ताठ्याला साजेसं नव्हतं. ते गोल, भरघोस आणि जमिनीशी इमान राखणारं होतं. कोलांटी उडी त्यांनी आयुष्यात कधी मारली असेल यावर त्यांच्या यजमानांचाही विश्वास नव्हता. शाळेत कवायत शिकवता शिकवता एका उन्हाळ्यात त्या कुठल्याशा शिबिराला गेल्या आणि परत आल्या त्या हेच खूळ डोक्यात घेऊन. सुती सहावारी, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात मंगळसूत्राशेजारी शिट्टी, असा त्यांचा थाट असे. ती शिट्टी वाजलेली कुणी ऐकली नाही. "शिट्टीनं बस थांबते," त्या म्हणत, "पोरगी दचकते."

वर्ग चाले हळदीच्या पेठेतल्या एका रिकाम्या गोदामात. रिकामं म्हणजे हळदीची पोती नव्हती एवढंच. हळद होतीच, भिंतीत, फरशीच्या फटीत, वाशांवर, हवेत. तासभर उड्या मारून मुली घरी जात त्या तळहात-तळपाय पिवळे करून. एका मुलीच्या आजीनं घाबरून विचारलं होतं, "मावशी, आमच्या पोरीला रोज संध्याकाळी कुणाची हळद लागतीय?" गोदामात पोती तोलायचा मोठा काटाही तसाच राहिला होता. एकदा पुण्याचे एक तरुण प्रशिक्षक वर्ग बघायला आले. चांगला हुशार माणूस, पण सगळं काम घाईचं. त्यांनी तो काटा पाहून सुचवलं, की मुलींचं वजन रोज घ्यावं आणि वाढलं तर रात्रीचं जेवण बंद करावं. मावशींनी शांतपणे त्यांनाच काट्यावर उभं केलं, आकडा मोठ्यानं वाचला आणि त्यांच्या हातात भडंगाची पुडी दिली. "खा. तुम्ही पण वाढीच्या वयातले आहात," त्या म्हणाल्या. मुलींना रोज आधी शेंगदाण्याचा लाडू आणि मग कोलांटी, हा नियम त्यांनी अखेरपर्यंत मोडला नाही.

चुका करायच्या तर त्याही मावशींनीच कराव्यात. बीम म्हणजे पावलाएवढ्या रुंदीची, छातीइतक्या उंचीवर बसवलेली लांबलचक लाकडी तुळई. तिच्यावर मुली चालतात, गिरक्या घेतात, उलट्या होतात. तयार बीम मागवायची सोय नव्हती. मग मावशींनी विचार केला, की आपल्या मुलुखात लाकडाला सर्वांत मायेनं कोण हात लावतं? आणि त्या गेल्या मिरजेला, सतारी करणाऱ्या एका कारागिराकडे. त्या भल्या माणसानं माप ऐकून फक्त एकच शंका विचारली, "आणि तारा कुठं बसवायच्या?" तारा नकोत म्हटल्यावर तो जरा हिरमुसला, पण हात आखडता घेतला नाही. टेम्पोतून बीम उतरली तेव्हा आम्ही सगळे तिच्याभोवती गोळा झालो. इतकी सुंदर वस्तू त्या गोदामात कधी आली नसेल. तंबोऱ्यासारखी झळाळत होती. तिच्यात बघून केस विंचरता आले असते. पहिली मुलगी मोठ्या ऐटीत चढली, एक पाऊल पुढे टाकलं आणि घसरत घसरत दुसऱ्या टोकाला जाऊन उतरली. दुसरीचंही तेच. तिसरीला मावशींनी चढू दिलं नाही, पण ती "एकदाच, मावशी, एकदाच" म्हणून रडायला लागली, कारण तोवर घसरगुंडीची कीर्ती सर्वत्र पसरली होती. पॉलिश खरवडावं तर कारागिराच्या डोळ्यांत पाणी. शेवटी मावशींनी माहेरी जाऊन सैन्यातून निवृत्त झालेल्या भावाचं खरखरीत कांबळं उचलून आणलं आणि त्या तंबोऱ्याला पांघरलं.

त्यांच्या वर्गात पहिला महिनाभर मुलगी फक्त पडायला शिके. पुढे, मागे, कुशीवर, गोळा होऊन. "उभं राहायला आईबाप शिकवतात, पडायला कुणी शिकवत नाही," असं म्हणत त्या स्वतःच्या अवाढव्य देहाचं गाठोडं करून गादीवर लोळण घेत, आणि धूळ खाली बसेपर्यंत मुली टाळ्या वाजवत. ही तपासणी त्या गोदामाबाहेरही करत. माझ्या मेहुण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, स्वयंपाकपाणी विचारून झालं आणि मावशींनी मुलीला विचारलं, "तुला पडता येतं का गं?" मुलीच्या वडिलांच्या हातातली बशी कलंडली. मुलगी मात्र म्हणाली, "शिकवलंत तर येईल." ती आज आमच्या घरात आहे. मावशींनी तिथल्या तिथं होकार दिला. मुलाला विचारायचं सगळ्यांच्याच लक्षातून गेलं.

पण त्यांचं खरं वेड होतं त्यांच्या हातात. उलटी कोलांटी शिकणाऱ्या मुलीच्या पाठीला आधार द्यावा लागतो, आणि तो हात कधीतरी काढावाही लागतो. बहुतेक प्रशिक्षक तो गुपचूप काढतात. मुलीला वाटतं आधार आहे, ती उडी मारते, नंतर कळतं की आपलं आपणच केलं. मावशींना या युक्तीची शिसारी येई. त्यांचा नियम एकच: मुलगी "मावशी, सोडा" म्हणेपर्यंत हात हलणार नाही. कुणी आठवड्यात म्हणे, कुणी वर्षभरानं. "हात माझा असला तरी पाठ तिची आहे," त्या सांगत. त्यांच्या मुलींना कुबड्यांची सवय आहे अशी चेष्टा स्पर्धांतून चाले. मावशी ती ऐकत आणि चेष्टा करणाऱ्यांना लाडू देत.

या नियमाची खरी परीक्षा घेतली सारिकानं. सारिका पलूसकडची, उसाच्या घरातली. तिचे वडील अण्णा तिला राजदूत मोटारसायकलवर बसवून आणत आणि तास संपेपर्यंत गोदामाच्या दारात उकिडवे बसून राहत. पोरगी अशी हलकी, की बीमवर चढली तर कांबळ्याला कळायचं नाही. पुण्याच्या त्या तरुण प्रशिक्षकांनी तिला एका उन्हाळी शिबिराला नेलं. तिथं त्यांनी तिच्या पाठीचा हात तिला न सांगता काढला. सारिका बीमवर आपटून खाली आली. हाड मोडलं नाही, पण परत आल्यावर ती मागे वाकायची आणि मावशींचा हात पाठीला आहे ना, हे तीन-तीनदा विचारायची. तीन वर्षांपूर्वी सोडा म्हणून मोकळी झालेली पोर पुन्हा हाताला चिकटली. आणि इकडे साताऱ्याची निवड चाचणी जवळ आली. निवड झाली तर पुण्याच्या वसतिगृहात राहून शिकायला मिळणार होतं. नाही झाली, तर तिच्या आईनं स्वच्छ सांगून ठेवलं होतं, की उड्या पुरे, आता दहावीचं बघायचं. आणि चाचणीत कोलांटीला प्रशिक्षकाचा हात लागला, की त्या कोलांटीचे गुण शून्य.

अण्णा एक दिवस दारातून उठून आत आले. "आवं मावशी, गुपचूप काढा की हात. आमी हिला सायकल शिकिवली तवा कॅरियर धरलाय म्हणून सांगितलं आन दिली सोडून. शिकली का न्हाई?"

"आणि मग?" मावशींनी विचारलं.

"मग काय. गेली की सरळ."

"सरळ कुठं, अण्णा?" बीमवरून सारिका म्हणाली. "गोठ्यात गेले. म्हशीच्या अंगावर."

"म्हशीला काय झालं न्हाई," अण्णा मला म्हणाले.

मीही मग जावयाचं वजन वापरून पाहिलं. म्हटलं, मावशी, एकदाच फसवा, पोरीच्या भल्यासाठी. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी आपण होऊन दोन गाद्या उचलल्या. "एकदा फसलीय ती," त्या म्हणाल्या. "आता मी फसवलं तर हिला उलटं व्हायला जगात जागा कुठली उरली?"

चाचणीच्या दिवशी आम्ही जीपनं साताऱ्याला निघालो. मावशी, सारिका, अण्णा आणि गाद्यांची सवय म्हणून मी. वाटेत मावशींनी शांतपणे जाहीर केलं, "तिनं सांगितलं नाही, तर मी हात लावणार. गुण गेले तर गेले."

"मग येवढ्या लांब जायचं कशाला?" अण्णा कळवळून म्हणाले.

"माझं माहेर आहे. चहा पिऊन येऊ."

सारिका खिडकीबाहेर बघत होती. तिनं लाडूही खाल्ला नव्हता.

हॉलमध्ये चांगली गर्दी होती. सारिकाचं नाव पुकारलं, ती बीमवर चढली. मावशी शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. उभं राहायला मनाई नव्हती. चालणं झालं, गिरकी झाली, एक छोटी उडी झाली. मग ती कोलांटीच्या जागी आली, हात वर केले आणि थांबली. खाली मावशींचे दोन्ही हात आपोआप वर गेले. परीक्षकांच्या टेबलावरच्या माना वर झाल्या. माझ्या शेजारी अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. पोर काही बोलेना आणि हलेना. मावशींनी आणखी अर्धं पाऊल पुढं टाकलं. आता त्या हात लावणार आणि सगळं संपणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात सारिकानं खाली पाहिलं आणि घरी आलेल्या पाहुण्यांना म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "मावशी, तुम्ही बसा."

"काय?"

"बसा की तुम्ही. मी करते."

मावशी कुठल्याही स्पर्धेत कधी बसल्या नव्हत्या. कुठं बसायचं हेच त्यांना कळेना. पंगतीत बसावं तशी त्यांनी तिथंच फरशीवर मांडी घातली, मग परीक्षकांनी हात दाखवल्यावर उठल्या आणि येऊन माझ्या नि अण्णांच्या मधे बसल्या. हात अजून हवेतच होते. मी ते हळूच खाली केले, तर त्यांनी माझं मनगट पकडलं. कोलांट्या धरणाऱ्या बाईची पकड काय असते हे मला त्या दिवशी कळलं.

सारिका मागे वाकली. हात टेकले, पाय आकाशात गेले, एक पाय बीमवर आला, दुसरा येता येता ती कमरेतून अशी काही डुगडुगली, की अख्खा हॉल तिच्यासंगं एका बाजूला कलला. रस्ता ओलांडताना मधेच अडकलेल्या माणसासारखी ती हात फडफडवत राहिली. मग स्थिरावली.

"झालं का?" डोळे मिटूनच अण्णांनी विचारलं.

"झालं," मावशी म्हणाल्या.

"पडली का?"

"न्हाई ओ अण्णा," मावशींची शाळेतली भाषा कुठल्या कुठं गेली. "उभी हाय. बघा तरी, उभी हाय."

अण्णांनी बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले, पण या वेळी ते पुसायला. निवडलेल्यांत सारिकाचं नाव सगळ्यांत शेवटी होतं. अण्णांनी ते जोरात वाचून दाखवलं, आणि मग हॉलबाहेर दिसेल त्या प्रत्येक मोकळ्या माणसाला चहा पाजला. त्यात ते पुण्याचे प्रशिक्षकही होते; सारिका आता त्यांच्याकडेच शिकायला जाणार होती. ते मावशींपाशी येऊन जरा घुटमळले, काहीतरी हळू आवाजात बोलले. मावशींनी उरलेल्या लाडवांचा डबाच त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हिला रोज लाडू. मोजून नका देऊ, मागेल तसा द्या."

परतीला ऊन उतरलं होतं. अण्णा पुढच्या सीटवर ड्रायव्हरला म्हशीची गोष्ट सांगत होते. आता त्या गोष्टीत सायकल सरळ जात होती. सारिका मावशींच्या दंडावर डोकं टेकून उंब्रजच्या आधीच झोपी गेली. कराड गेलं, मलकापूर गेलं. त्यांचा दंड अवघडून गेला असणार हे दिसत होतं.

"उठवू का तिला?" मी म्हटलं. "इकडं सरकू दे."

"नको. मुंग्या आल्यात नुसत्या." मग म्हणाल्या, "जावईबापू, त्या वसतिगृहात उशी देतात ना हो?"

"देत असतील की."

"बरी असावी," त्या म्हणाल्या आणि बाहेरच्या उसाकडं बघत राहिल्या.

पेठ नाक्याला जीप सांगलीकडं वळली, तशी सारिका झोपेतच दुसऱ्या अंगाला कलंडली आणि खिडकीला डोकं लावून पुन्हा झोपली. मावशींचा दंड मोकळा झाला. आष्टा गेलं तरी त्यांनी तो होता तसाच ठेवला होता.