माझे वीस सोलर पॅनेल

लेकीच्या ठोकळ्यांच्या गेममध्ये कुणीतरी वीज बनवायची सोय जोडली होती. तिने डोंगरावर एक पवनचक्की उभारली. मी, कोथरूडच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, गेममधल्या घराच्या गच्चीवर वीस सोलर पॅनेल बसवले आणि म्हणालो, "आता बघ!"

तिची बॅटरी भरली. माझी शून्य! मी हादरलोच. गेमच भिकार आहे, असं ठणकावून सांगितलं.

"बाबा, पॅनेलवर छप्पर कुणी घातलं?"

"मीच. पावसात भिजू नयेत म्हणून."

ती हसली नाही.

"आपल्या सोसायटीच्या गच्चीवर गळतीसाठी पत्रे टाकले, तेव्हापासूनच सोलरचं पाणी गार येतंय ना?"

पत्र्यांचा ठराव माझा होता. आणि गार पाण्यासाठी सोलरवाल्याला सगळ्यांदेखत झापलं होतं, तेही मीच.