पत्रूभाऊची सरळ रेघ

पत्रूभाऊसारखा अक्कलवान माणूस नागभीडच्या आसपास दुसरा नव्हता, असं खुद्द पत्रूभाऊच सांगायचे. दुसऱ्या कोणी सांगायच्या आत तेच सांगून टाकायचे. पण एक गोष्ट खरी. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, दोन जोड्या शेजारी-शेजारी उधळत आल्या, की कोणती जोडी चुन्याची रेघ आधी ओलांडून गेली, हे ठरवावं तर त्यांनीच. ते लाल झंडी ज्या बाजूला टाकतील ती जोडी जिंकली, त्यावर पाटलाचंही चालायचं नाही. ती झंडी वर्षभर त्यांच्या घरी देवाच्या फोटोशेजारी टांगलेली असायची, आणि धूळ देवाआधी तिच्यावरची झटकली जायची.

बैलांवर त्यांचा भारी जीव. अंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड होतं. रोज सकाळी पत्रूभाऊ त्याचा कोवळा पाला तोडून बैलांपुढे टाकायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, की यानं जनावराच्या डोळ्यात तेज येतं. हिवाळ्यात गाजरंही बैलांनाच. पण त्याच पाल्याची भाजी त्यांच्या बायकोनं, गिरजाबाईनं, ताटात वाढली की ताट सरकवायचे.

"मी का बैल आवो, पाला खायले?"

पाला म्हणजे गरिबाघरचं खाणं, अन् हे पडले झंडीवाले. यांना तर्रीदार रस्सा पाहिजे, तळलेले वडे पाहिजेत. मासे चालायचे, पण काटे काढायचा कंटाळा. त्यांच्या आत जाणारा पाला एकच, तेंदूचा, तोही बिडीचा धूर होऊन.

साठी उलटली आणि डोळ्यांनी दगा दिला. समोरच्याचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा दिसायचा, कडेचं तेवढं धड दिसायचं. हे कोणाला सांगावं की नाही? छे! झंडी जाईल ना. माणूस ओळखू आला नाही की तो बोलेपर्यंत हे आपले खोकत बसायचे. दाराची चौकट वाकडी दिसू लागली तेव्हा सुताराला शिव्या घातल्या. नागभीडला डोळ्यांचं शिबिर लागलं, चला, असं गिरजाबाई म्हणाली, तर यांनी तिलाच विचारलं, तुझे डोळे ठीक आहेत ना? तिचे ठीकच होते.

मग शहाऐंशी सालचा पट आला. सकाळी पोरांनी दोरी ताणून चुन्याची रेघ मारली. पत्रूभाऊ ती पाहून भडकले. रेघ वाकडी आहे, पुसा! पुसून पुन्हा मारली, तीही वाकडी. शेवटी दोरी फेकून दिली आणि जरा इकडे घे, जरा तिकडे घे करत, त्यांच्या डोळ्याला सरळ दिसेल अशी रेघ मारून घेतली. ती डावीकडे चांगली हातभर अलीकडे वळली होती. साऱ्या गावाला दिसत होतं, पण बोलणार कोण? झंडीवाल्याशी वाकडं घेऊन आपली जोडी हरवून घ्यायला कोणी तयार नव्हतं. अक्कल आमच्या गावात भरपूर होती, ती फक्त तोंडापर्यंत यायची नाही.

पहिल्याच दौडीत बिरजूची जोडी डावीकडून आणि शेजारच्या गावच्या चैतूची उजवीकडून सुटली. चैतूचे बैल नाकभर पुढे होते, पण रेघ डावीकडे आधी लागली आणि झंडी बिरजूकडे पडली. मग काय, चैतूची माणसं काठ्या घेऊन मैदानात उतरली. चैतूनं मारामारी केली नाही. त्यानं तीच दोरी आणली आणि रेघेवर ताणून धरली. पत्रूभाऊ वाकून वाकून बघत राहिले, मग ताठ उभे राहून म्हणाले,

"ही दोरीच वाकडी हाय."

अख्खं मैदान हसलं. ज्यांनी सकाळी मुकाट्यानं रेघ मारली होती, ते सगळ्यात जास्त हसले. नाचता येईना अंगण वाकडं, असं कोणीतरी ओरडलं. गिरजाबाई बायकांतून उठून आली आणि नवऱ्याचा हात धरून त्याला घरी घेऊन गेली.

नागभीडला पुन्हा शिबिर लागलं तेव्हा ती त्यांना घेऊनच गेली. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मोतीबिंदू असता तर काढला असता, हा डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. बिडी आजपासून बंद. हिरवा पाला, गाजर, मासे पहिल्यापासून खाण्यात असते तर नजर कदाचित हळूहळू गेली असती, खात्री नाही. आता उरलेली जपा. गिरजाबाईनं शांतपणे सांगितलं, की एवढं तर आमच्या बैलांनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी तिनं मुनग्याची भाजी वाढली. पत्रूभाऊंनी ताट सरकवलं नाही. चाचपत भाकरी मोडली, दोन घास खाल्ले आणि विचारलं,

"नजर परत येईन का, गिरजे?"

जन्मभर टोमणे मारणाऱ्या त्या बाईला त्या वेळी एकही टोमणा सुचला नाही. तिला फार वाईट वाटलं.

"नाई येणार. हाय तेवढी टिकवा."

पुढच्या वर्षी झंडी दुसऱ्याकडे गेली. पत्रूभाऊ पटाला आले आणि लोकांत बसले. जोड्या रेघेवरून गेल्या, की शेजारच्याला विचारायचे, कोन पयला आला? जन्मभर गावानं हे त्यांना विचारलं होतं.